घोड्याची ऊन चंदी आणि कोकणचा कुळीथ

मालवणच्या किनाऱ्याविषयीं बोलावयाचें म्हटलें म्हणजे माडांची रांग, सिंधुदुर्गाचा तट, रांपणीचें जाळें आणि काजूंनीं भरलेले डोंगर आपल्या डोळ्यांपुढें उभे राहतात. घोडा कांहीं उभा राहत नाहीं. तरीहि आजच्या भाषणासाठीं घोड्याच्या हिंवाळी आहाराचा विषय मीं निवडला आहे, आणि त्याचें कारण ह्याच किनाऱ्यावर पिकणाऱ्या एका कडधान्यांत आहे. तें कडधान्य म्हणजे कुळीथ. मुंबईपुण्याच्या ज्या घरांचा गांवाशीं संबंध टिकून आहे, त्यांच्या फडताळांत कुळथाच्या पिठाचा एक डबा बहुधा सांपडतोच. आपण त्याला पिठीचें धान्य म्हणून ओळखतों. इंग्रजांनीं मात्र त्याला जें नांव दिलें त्याचा शब्दशः अर्थ 'घोड्याचा हरभरा' असा होतो. हें नांव त्याला कां मिळालें, थंडीच्या दिवसांत घोड्याला शिजविलेली ऊन चंदी देण्याची चाल कोठून आली, आणि त्या चालींत खरें किती व समजूत किती, ह्याचा थोडा विचार आज करूं.

हा विचार केवळ कुतूहलाचा नाहीं. मुंबईच्या व्हिक्टोरिया गाड्या २०१५ सालीं उच्च न्यायालयानें बेकायदा ठरविल्या, हें खरें. पण म्हणून घोडा आपल्या जीवनांतून गेला, असें नव्हे. माथेरानला मोटारींना बंदी असल्यामुळें माणसांची आणि सामानाची वाहतूक आजहि पुष्कळशी घोड्यांवर होते. महाबळेश्वरास मुलें घोड्यावर बसतात, लग्नाच्या वरातींत घोडी लागते, आणि मार्गशीर्षांत दत्तजयंतीच्या सुमारास नंदुरबार जिल्ह्यांत तापीकांठीं सारंगखेड्यास घोड्यांचा मोठा बाजार भरतो. ह्यांपैकीं पुष्कळ घोड्यांचे मालक एकदोन जनावरांवर सबंध कुटुंब पोसणारे लोक आहेत. अशा घरांतला घोडा चुकीच्या आहारामुळें एका रात्रींत पोटशुळानें दगावला, तर त्या घराचा वर्षाचा आधार जातो. घोड्याच्या पोटाची चूक बहुधा दुष्टपणानें होत नाहीं. ती मायेनें होते, आणि म्हणूनच ती समजावून घेणें अगत्याचें आहे.

कोकण ही घोड्यांची भूमि नव्हे. भीमाथडीचें तट्टू घाटावर नांवाजलें गेलें, तसें तळकोकणांतलें कोणतेंहि घोडें नांवाजलें गेलें नाहीं. सिंधुदुर्ग जिल्ह्यांत वर्षाला सुमारें ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. चार महिने जमीन चिखलाची, हवा दमट. खूर मऊ पडतात, माश्यांचा उपद्रव वाढतो, आणि चावणाऱ्या माश्यांबरोबर 'सर्रा' नांवाचा रक्ताचा रोग पसरतो. ह्या रोगाचा सूक्ष्म जंतु ग्रिफिथ इव्हान्स ह्या पशुवैद्यानें १८८० सालीं घोड्यांच्या व उंटांच्या रक्तांत शोधून काढला. वैरणीचीहि तीच कथा. भाताचा पेंढा हा कोकणचा मुख्य कोरडा चारा. तो बैलाला चालतो, कारण बैल रवंथ करतो. घोड्याच्या दृष्टीनें तो अगदीं निकृष्ट होय.

असें असूनहि घोडा ह्या किनाऱ्याला परका नव्हता, कारण तो समुद्रावाटेच देशांत येत असे. अरबस्तान व इराणकडील घोडे गलबतांतून चौल, दाभोळ, गोवें अशा बंदरांत उतरत आणि घाट चढून वर जात. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धांत अफनासी निकितीन नांवाचा एक रशियन व्यापारी असाच एक घोडा बरोबर घेऊन चौलास उतरला आणि पावसाळ्यासाठीं जुन्नरास जाऊन राहिला. त्याला पाऊस आणि चिखल ह्यांचेंच नवल वाटलें. आपल्या देशाच्या हिशेबानें त्यानें त्या चार महिन्यांना हिंवाळाच म्हटलें आहे. तो लिहितो कीं, येथें घोड्यांना हरभऱ्यासारखें कडधान्य आणि साखर व तेल घालून शिजविलेली खिचडी चारतात. म्हणजे साडेपांचशे वर्षांपूर्वीं आपल्या सह्याद्रीच्या कुशींत घोड्याला शिजविलेली चंदी मिळत होती, ह्याला एका परदेशी माणसाची साक्ष आहे.

कोकणांतील घोड्यांच्या चाऱ्याविषयीं ह्याहूनहि मोलाचा कागद शिवछत्रपतींच्या पत्रव्यवहारांत आहे. सतराव्या शतकाच्या आठव्या दशकांत चिपळूणजवळ छावणीस असलेल्या पागेच्या अंमलदारांना तें पत्र गेलें. त्याचा आशय असा कीं, पावसाळ्याच्या बेगमीसाठीं जमविलेला दाणा आणि गवत आतांच बेहिशेब उडवाल, तर ऐन पावसांत कांहीं मिळणार नाहीं, घोडीं उपाशी मरतील, आणि तीं तुम्हींच मारलीं असें होईल. शिवाय उणीव पडली म्हणून रयतेच्या भाजीच्या देठालाहि हात लावूं नका. ह्या पत्राची कीर्ति रयतेविषयींच्या कळवळ्यासाठीं आहे आणि ती योग्यच आहे. पण घोड्याच्या आहाराच्या दृष्टीनेंहि त्यांत एक तत्त्व आहे: घोड्याचा जीव एखाद्या दिवसाच्या मेजवानीवर अवलंबून नसतो, तो रोजच्या, मोजक्या, न चुकणाऱ्या वैरणीवर असतो. आजच्या भाषणाचा निष्कर्षहि शेवटीं येथेंच येणार आहे.

शिजविलेल्या चंदीची परंपरा ह्याहूनहि जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत अश्वाध्यक्षाच्या प्रकरणांत उत्तम घोड्याचा शिधा सांगितला आहे. भात, जव किंवा राळ्यासारखें धान्य अर्धें कोरडें वा अर्धें शिजविलेलें, किंवा मूग व उडीद शिजवून. त्याबरोबर एक प्रस्थ स्नेह म्हणजे तेलतूप, पांच पल मीठ, आणि घांस ओला करण्यासाठीं रस किंवा दहीं. नुकत्याच व्यालेल्या घोडीला पहिले तीन दिवस तूप द्यावें, असेंहि तेथें म्हटलें आहे. तेराव्या शतकांत मार्को पोलो कोरोमंडळाच्या किनाऱ्यावर आला, तेव्हां लोक घोड्यांना मांस घालून शिजविलेला भात चारतात हें पाहून तो चकित झाला. अकबराच्या कारकीर्दींतील ऐने-अकबरींत बादशाही तबेल्याचा नियम दिलेला आहे: हिंवाळ्यांत शिजविलेलें कडधान्य आणि उन्हाळ्यांत कोरडा दाणा, शिवाय हिंवाळ्यांत हिरवें गवत सुरू होण्यापूर्वीं अर्धा शेर तूप. पुढें कंपनीच्या काळांत मुंबई आणि बंगाल इलाख्यांत घोडदळाची चंदी हरभऱ्याची असे, तर मद्रास इलाख्यांत ती कुळथाची. आणि कुळीथ तेथें कोरडा न देतां शिजवून दिला जाई. 'घोड्याचा हरभरा' हें नांव ह्या व्यवहारांतून आलें.

आतां प्रश्न असा कीं, कुळीथ शिजवावा कां लागतो? ह्याचें पहिलें कारण दाण्यांतच आहे. कुळथाचा दाणा बारीक, चपटा आणि फार कठीण असतो. घोड्यानें तो नीट चावला नाहीं तर तो तसाच लिदींतून बाहेर पडतो. दुसरें कारण रासायनिक आहे. कच्च्या कुळथांत प्रथिनांचें पचन करणाऱ्या ट्रिप्सिन ह्या पाचकरसाला अडवून धरणारे पदार्थ असतात, तसेंच आंतड्याच्या आंतल्या त्वचेला त्रास देणारीं लेक्टिन नांवाचीं प्रथिनेंहि असतात. उष्णतेनें ह्या दोहोंचा बराचसा नाश होतो. कुळथांत शेंकडा सुमारें २२ भाग प्रथिनें आहेत; तीं अंगीं लागावयाचीं असतील तर दाणा भिजवून शिजविल्यावांचून गत्यंतर नाहीं. आपल्या आज्या कुळीथ भाजून दळत आणि मगच पिठी करीत, त्यांतहि हेंच शहाणपण आहे.

तिसरें कारण घोड्याच्या शरीररचनेंत आहे. घोड्याचें शरीर केवढें आणि त्याचें जठर केवढें! तें जेमतेम ८ ते १५ लिटरांचें असतें. शिवाय अन्ननलिका जठरास मिळते तेथील स्नायूचा वेढा इतका घट्ट असतो, कीं घोड्याला ओकारी होतच नाहीं. माणसानें अधिक खाल्लें तर तें बाहेर टाकण्याचा मार्ग त्याला असतो. घोड्याला तो नाहीं. कोरडें कडधान्य पुष्कळ खाऊन वर त्यानें पाणी प्यालें आणि तें धान्य पोटांत फुगलें, तर जठर ताणून असह्य वेदना होतात, क्वचित् तें फुटतेंहि. जें फुगावयाचें तें भांड्यांत फुगूं द्यावें, पोटांत नको, हा भिजविण्याशिजविण्याचा साधा हेतु आहे.

येथपर्यंत परंपरा आणि शास्त्र हातांत हात घालून चालतात. परंतु ऊन चंदी कां द्यावी असें विचारलें असतां पुष्कळ ठिकाणीं जें उत्तर मिळतें, तें मात्र तपासून पाहिलें पाहिजे. उत्तर असें कीं, थंडींत घोड्याच्या अंगांत ऊब यावी म्हणून. आपण स्वतः थंडीच्या सकाळीं ऊन पेज प्यालों कीं बरें वाटतें. मग घोड्यालाहि वाटत असेल, हा त्यामागचा तर्क. तो आंकड्यांवर पारखून पाहूं. समजा, ३५० किलो वजनाचा घोडा आहे आणि आपण त्याला चार किलो ओली चंदी हवेपेक्षां २० अंश अधिक ऊन करून दिली. त्या चंदींत मुख्यतः पाणीच असल्यामुळें, तिच्यांतून घोड्याला मिळणारी जास्तीची उष्णता चार गुणिलें वीस म्हणजे सुमारें ८० किलोकॅलरी झाली. त्याच घोड्याला नुसतें उभें राहून दिवस काढण्यासाठीं सुमारें ११,७०० किलोकॅलरी लागतात. म्हणजे आपल्या ऊन चंदीची ऊब त्याच्या गरजेच्या शेंकडा एक भागाहूनहि कमी भरली. चुलीवर तापविलेली ऊब ती हीच, आणि तीहि घटकाभरांत निघून जाते.

मग घोड्याची खरी शेगडी कोणती? ती त्याच्या मोठ्या आंतड्यांत आहे. घोडा रवंथ करीत नाहीं. पण त्याच्या आंतड्याच्या मागील भागांत अंधांत्र नांवाची एक मोठी पिशवी आणि तिच्यापुढें त्याहूनहि मोठें बृहदांत्र असतें. ह्या दोहोंत कोट्यवधि सूक्ष्म जंतु गवताच्या तंतूंना आंबवून त्यांतून घोड्याला अन्नरस देतात, आणि ह्या आंबण्याच्या क्रियेंत रात्रंदिवस उष्णता निर्माण होत असते. एक किलो बऱ्या प्रतीच्या वाळल्या गवतांत घोड्याला पचणारी सुमारें १,७०० ते २,००० किलोकॅलरी शक्ति असते, आणि ती पचवितांना सुटणारी ऊब तासन्‌तास टिकते. म्हणून थंडीच्या रात्रीं घोड्याला ऊब द्यावयाची असेल, तर चुलीकडे जाण्याआधीं गवताच्या गंजीकडे जावें. सारंगखेड्याच्या बाजारांत उघड्यावर रात्र काढणाऱ्या जनावराच्या पुढ्यांत एक पेंढी गवत अधिक टाकणें हें ऊन चंदीच्या दहा घमेल्यांहून अधिक गुणकारी आहे.

मालवणच्या किनाऱ्यावर तर थंडीचा प्रश्न जवळजवळ नाहींच. निरोगी, पोसलेल्या घोड्याला साधारणतः ५ अंशांच्या खालीं पारा गेल्यावर अंगांतली ऊब राखण्यासाठीं जास्तीचें अन्न जाळावें लागतें. आपल्या किनाऱ्यावर पौषमाघांतहि रात्रीचा पारा १५ अंशांच्या खालीं क्वचितच उतरतो. आपल्याला ज्या हवेंत शाल घ्यावीशी वाटते, ती हवा घोड्याला सुखाची असते.

मग कोकणांत हिंवाळी ऊन चंदी निरर्थक समजावयाची काय? तसें मुळींच नाहीं. तिचें खरें कारण थंडींत नसून कोरडेपणांत आहे. दिवाळी होऊन गेली कीं सड्यांवरचें हिरवें गवत आठपंधरा दिवसांत पिंगट होतें. काल हिरवें खाणारें जनावर आज वाळलें खाऊं लागतें. हिरव्या गवतांत शेंकडा ७५ भाग पाणी असतें, वाळल्या गवतांत जेमतेम १० भाग. आपल्या ३५० किलोच्या घोड्याला दिवसाला सुमारें ७ किलो कोरडा अंश लागतो. तो हिरव्या गवतांतून घेतला तर २८ किलो गवत खावें लागतें आणि त्याबरोबर २१ लिटर पाणी आपोआप पोटांत जातें. तोच अंश वाळल्या गवतांतून घेतला तर त्याबरोबर एक लिटरहि पाणी येत नाहीं. म्हणजे ऋतु पालटतांच घोड्यानें रोज वीस लिटर पाणी अधिक पिणें भाग पडतें; आणि नेमकें ह्याच दिवसांत पहांटेचें गार पाणी पाहून तो तोंड फिरवितो. आंत कोरडें गवत आणि पाणी थोडें, असें झालें म्हणजे बृहदांत्राच्या वळणावर लीद घट्ट होऊन अडते. हिंवाळी पोटशुळाचें हें एक मोठें कारण आहे.

येथें ऊन, ओली चंदी उपयोगी पडते. तिच्याबरोबर दोनतीन लिटर पाणी सहज पोटांत जातें, तिच्यांतल्या मिठानें तहान लागते, आणि जवळच कोमट पाण्याची बादली ठेवली तर घोडा ती आनंदानें रिकामी करतो. दांत झिजलेल्या म्हाताऱ्या घोड्याला तर मऊ शिजविलेलें अन्न म्हणजे दुसरें आयुष्यच होय. आजारांतून उठलेल्या जनावराची रुचि वाफेच्या वासानें जागी होते, हेंहि अनुभवाचें आहे. तेव्हां चंदीचा ऊनपणा हा अंग तापविण्यासाठीं नसून, घोड्यानें पाणी प्यावें आणि अन्न गोड मानावें, ह्यासाठीं आहे.

विलायतेंतहि अशीच एक जुनी चाल आहे. तेथें गव्हाच्या कोंड्यावर उकळतें पाणी ओतून, झांकून, कोमट झाल्यावर तो घोड्यांना शनिवारीं रात्रीं देत. ओझ्याच्या गाड्या ओढणारे घोडे रविवारीं विसावा घेत. विश्रांतीच्या दिवशींहि त्यांना कामाच्या दिवसाइतकाच दाणा दिला, तर सोमवारीं जुंपतांच पुठ्ठ्याचे स्नायू आंखडून घोडा जागच्या जागीं खिळून जाई, आणि मूत्र काळसर होई. ह्याला तेथें सोमवारचा आजारच म्हणत. शनिवारच्या कोंड्यानें हा आजार टळे. पण तो कोंड्याच्या गुणानें टळत नसे, त्या दिवशीं दाणा बंद राहत असे म्हणून टळे. कारण एक आणि श्रेय दुसऱ्याला, असा हा प्रकार होता.

कोंडा रोज चारणाऱ्यांना मात्र त्याचें फळ भोगावें लागलें. गव्हाच्या कोंड्यांत फॉस्फरस हा कॅल्शियमच्या सुमारें दहापट असतो. घोड्याच्या आहारांत कॅल्शियम हें फॉस्फरसइतकें तरी असावें, किंबहुना दीडपट असावें. तें कमी पडलें म्हणजे शरीर आपल्याच हाडांतून कॅल्शियम काढूं लागतें. जबड्याचीं व नाकाडाचीं हाडें मऊ पडून फुगतात, घोडा लंगडूं लागतो. पिठाच्या गिरण्यांतील घोड्यांना कोंडा फुकट मिळे, आणि त्यांनाच हा रोग अधिक होई. आपल्याकडे भाताचा कोंडा सुलभ असल्यामुळें हा इशारा कोकणालाहि लागू आहे, कारण त्यांतहि फॉस्फरसाचा भार तसाच, किंबहुना अधिक असतो.

आणि येथेंच आपल्या कुळथाचा मोठेपणा दिसून येतो. १०० ग्रॅम कुळथांत कॅल्शियम सुमारें २७० ते २९० मिलिग्रॅम आणि फॉस्फरस सुमारें ३०० मिलिग्रॅम असतो. म्हणजे दोहोंचा तोल जवळजवळ बरोबरीचा. गवताचा आधार मिळाला म्हणजे हा तोल योग्य बाजूला झुकतो. ज्यांनीं मद्रासेकडे घोड्यांना कुळीथ शिजवून चारला, त्यांना कॅल्शियमचें नांवहि ठाऊक नव्हतें; परंतु स्वस्त आणि खडकाळ जमिनींत पिकणारें म्हणून निवडलेलें तें धान्य विलायती कोंड्याहून घोड्याच्या हाडांना अधिक मानवणारें होतें.

कोकणच्या शेतींत कुळीथ बसतोहि चपखल. भात कापून झाल्यावर खाचरांत जी ओल उरते, तिच्यावरच तो पेरला जातो; त्याला पाण्याची पाळी लागत नाहीं, खत फारसें लागत नाहीं, आणि फाल्गुनाच्या सुमारास तो हातीं येतो. दाणे झोडून उरलेला त्याचा भुसाहि जनावरें आवडीनें खातात. आमच्याकडील घरांतून दुभत्या गाईला कुळीथ शिजवून, त्यांत कोंडा, कण्या आणि खोबऱ्याची पेंड मिसळून ऊन आंबोण देण्याची चाल आहे. तें वाफाळलेलें घमेलें पाहून एखाद्याला वाटेल, कीं हेंच उचलून घोड्यापुढें ठेवावें. तसें मात्र करूं नये. गाईच्या चार कप्प्यांच्या पोटाला जें पचतें, तें घोड्याला पचेलच असें नाहीं. शिवाय गुरांच्या कांहीं तयार खाद्यांत मोनेन्सिन नांवाचें औषध मिसळलेलें असतें. तें गुरांना चालतें, परंतु घोड्याच्या हृदयाचे स्नायू त्यानें नासतात आणि थोड्या प्रमाणांतहि तें त्याला मारक ठरतें. घोड्याचें आंबोण वेगळें, त्याचें घमेलेंहि वेगळें ठेवावें.

आतां ही चंदी कशी करावी तें सांगतों. मध्यम बांध्याच्या घोड्याला एका वेळेस अर्धा किलो कुळीथ पुरे. तो निवडून, कीड किंवा बुरशी लागलेला दाणा टाकून, रात्रभर पाण्यांत भिजत घालावा. सकाळीं तें पाणी ओतून द्यावें आणि नव्या पाण्यांत, दोन बोटांत चिरडतां येईल इतका मऊ होईपर्यंत शिजवावा. जवस घालावयाचे असतील तर मूठभर घालावे, पण तेहि चांगले उकळून. जवसाच्या कच्च्या दाण्यांत विषारी वायु निर्माण करणारा अंश असतो आणि तो उकळीनें निकामी होतो. नंतर त्यांत दोन मुठी बारीक कापलेलें वाळलें गवत मिसळावें, म्हणजे घोडा घाईनें गिळणार नाहीं, चावून खाईल. एक मोठा चमचा मीठ आणि हवा असल्यास सुपारीएवढा गूळ घालावा. कोपर बुडवून पाहावें. आपल्याला सोसवेल इतकी कोमट झाल्यावरच चंदी पुढें ठेवावी. तासदोन तासांत जें उरेल तें टाकून द्यावें. समुद्रकांठच्या दमट हवेंत शिजलेलें अन्न लवकर आंबतें, आणि बुरशीचें विष घोड्याच्या यकृताला फार वाईट.

ह्याहूनहि महत्त्वाचा नियम म्हणजे सातत्याचा. घोड्याच्या आंतड्यांतील जंतु हे रोजच्या अन्नाला सरावलेले असतात. आठवड्यांतून एकदांच मेजवानी म्हणून घमेलेंभर नवा पदार्थ दिला, तर त्या जंतूंत गोंधळ उडतो. दुसऱ्या दिवशीं लीद सैल होते, आणि पोट साफ झालें म्हणून मालक समाधान मानतो. तें समाधान खोटें असतें. तें पोट बिघडलेलें असतें. चंदी द्यावयाची तर मूठभरापासून आरंभ करून दहाबारा दिवसांत पूर्ण मापावर यावें, रोज ठरलेल्या वेळीं द्यावी, आणि बंद करतांनाहि तशीच हळूहळू करावी. दमून, घामाघूम होऊन आलेल्या घोड्याला आधीं चालवून श्वास खालीं बसूं द्यावा, थोडथोडें पाणी पाजावें, गवत द्यावें, आणि मग चंदी. जनावर काम न करतां उभें असेल, त्या दिवशीं दाणा निम्म्यावर आणावा. आणि घोडा पोटाकडे वळून पाहूं लागला, जमिनीवर लोळूं लागला, लीद बंद झाली, तर ऊन चंदीचा उपाय करीत न बसतां लगेच पशुवैद्यास बोलवावें. आपल्याकडे परळचें पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ पासून ह्या विद्येचें शिक्षण देत आलें आहे, आणि गांवोगांवचे पशुवैद्य आज पूर्वींपेक्षां पुष्कळच जवळ आले आहेत. पोटशुळांत पहिले दोन तास फार मोलाचे असतात.

श्रोतेहो, आपल्यांपैकीं थोड्यांच्याच दारीं घोडा असेल. पण सुटींत माथेरानला किंवा महाबळेश्वरीं आपण ज्याच्या पाठीवर बसाल, त्या घोड्याकडे क्षणभर पाहावें. त्याच्यासमोर दिवसा गवत आहे काय, पाण्याची बादली भरलेली व स्वच्छ आहे काय, फासळ्या मोजतां येतात काय, एवढें पाहणें अवघड नाहीं. मुलांनीं मायेनें पुढें केलेली बिस्किटें आणि पाव ह्यांच्या ऐवजीं त्याच्या मालकाला एका पेंढीचे पैसे दिले, तर ती माया योग्य ठिकाणीं पोंचेल. घोड्याच्या हिंवाळ्याचा हिशेब सरळ आहे: आधीं गवत, मग पाणी, आणि त्या दोहोंची भर पडल्यावर चुलीवरचा कुळीथ.